पावणाईच्या रहाटीतला शिरस

आमच्या धंद्यात मेलेलं झाड लपवता येतं, जगलेलं लपवता येत नाही. ही अक्कल नोकरीच्या पहिल्या वर्षी यायला हवी होती. ती यायला जवळजवळ एक दशक गेलं.

या अंकाच्या संपादकांनी मला ‘कातळ हिरवा केल्याचा अनुभव’ लिहायला सांगितलं, आणि मी हो म्हणालो. समोरच्याला हवं त्याला हो म्हणून टाकायचं आणि मग गप्प बसायचं, ही माझी जन्माची खोड. पुढे जे लिहिलंय त्याचं मूळही तिथेच आहे. कातळ हिरवा झाला हे खरं. आता उरलेलं सांगतो.

मी झाडं लावायच्या खात्यात होतो. खात्याचं नाव लिहीत नाही, कारण जे केलं ते मी केलं. ऐंशी साल उलटलं तेव्हा आमच्याकडे गावोगावच्या सड्यांवर लागवड करायचं काम जोरात सुरू झालं. रत्नागिरीच्या माणसाला सडा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण अंक देशावरही जातो म्हणून सांगतो. सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा. वर ऊन-पावसाने काळा पडलेला जांभा दगड, त्याच्या खळग्यांत वीतभर माती. पावसाळ्यात तिथे कमरेएवढं गवत आणि रंगीबेरंगी बारीक फुलं येतात, दिवाळीनंतर सगळं वाळतं, आणि वैशाखात अनवाणी पाय ठेववत नाही. आमच्या छापील तक्त्यात अशा जागेला एकच शब्द होता: पडीक. त्या पडीक जागेवर अख्ख्या वाडीची गुरं चरत आणि तिथलंच गवत कापून वर्षभर गोठ्यात पुरवलं जाई, याला तक्त्यात रकाना नव्हता.

सड्यावर लावायला आम्हाला अकेशिया दिली होती. लोक तिला ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतात, पण तिला काटा नाही. पान कोयत्यासारखं वाकडं, फुलं पिवळी, शेंग कानासारखी पिळलेली. सरपण होतं, वासे होतात, जून झाली तर फळ्या निघतात. पाणी लागत नाही, माती लागत नाही, आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत. हा शेवटचा गुण मी प्रत्येक सभेत मोठ्याने सांगायचो. एका सभेत सुलाकाकी म्हणून एक बाई उठून म्हणाल्या, “गुरा खाईत नाय ता झाड गुरांच्या रानात कशाला, साहेब?” सगळे हसले. मीही हसलो. उत्तर मात्र दिलं नाही, आणि कोणी पुन्हा विचारलंही नाही.

अकेशियाचं बी काळं, चकचकीत, कवच फार टणक. एका टोकाला नारिंगी दोरा चिकटलेला. ते तसंच मातीत टाकलं तर सहसा रुजत नाही. म्हणून आम्ही मोठ्या टोपात पाणी उकळायचो, ते बियांवर ओतायचो आणि रात्रभर भिजत ठेवायचो. सकाळी बी फुगलेलं दिसलं की एकेक काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत टोचायचं. पाणी किती उकळायचं, किती थांबून ओतायचं, याचा माझा हात बसला होता. आसपासच्या रोपवाटिकांतून लोक माझ्याकडे शिकायला यायचे. खोटं कशाला बोला, त्याचा मला गर्व होता. आणि गावात कुणी विचारलं की “ही भलतीकडे पसरणार नाही ना?”, तर मी म्हणायचो, “छे हो, उकळत्या पाण्याशिवाय हिचं बी उघडतच नाही.” मला तसं खरोखरच वाटत होतं. एवढी एक गोष्ट माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

गिऱ्हाइकंही एकेक असायची. एका गृहस्थांनी बांधावर लावायला म्हणून फुकट रोपं नेली आणि आठ दिवसांनी आणखी मागायला आले. पहिली कुठे लावली ते बघायला गेलो, तर रोपं उकिरड्यावर आणि पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या. सुकी मासळी भरून ठेवायला त्यांना त्या फार आवडल्या होत्या. “झाड तुमी परत न्या,” म्हणाले. गंमत म्हणजे पुढल्या पावसाळ्यात त्या उकिरड्यावरची अर्धी रोपं उभी होती. मी ते कौतुकाने सगळ्यांना सांगत फिरलो. तेव्हा हसू येण्याऐवजी भीती वाटायला हवी होती.

आता मुख्य गोष्ट.

हातखंब्याच्या पलीकडे, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत एक गाव आहे. तिथला सडा मोठा, आणि त्याच्या खालच्या अंगाला उतारावर पावणाईची रहाटी. रहाटी म्हणजे देवीच्या नावाने राखलेलं रान. घाटावर देवराई म्हणतात. आत सातवीण, किंजळ, ऐन, बेहडा, माणसाच्या मांडीएवढ्या जाड वेली आणि मे महिन्यातही न आटणारी एक झरी. नियम मोजके. आतलं काही बाहेर न्यायचं नाही, वाळकी काटकीसुद्धा नाही. आत लोखंड लावायचं नाही. आणि आत जे उगवलं ते देवीचं. माणसाने त्याला हात लावायचा तर आधी देवीला विचारायचं.

सडा लागवडीला द्यायचा की नाही यासाठी देवळात गाव जमला. मानकरी सखारामभाऊ म्हणाले, “सडा घ्या. पन रहाटीच्या वरची पट्टी हाय ना, तितं तुमचा ह्यो परदेशी नको. तितं आमचा आंबा, किंजळ, ऐन लावा.”

“लावतो,” मी म्हणालो.

“असा नाय. देवीम्होरं सांगा.”

मग धोंडू गुरव उभे राहिले. पावणाईची पूजा त्यांच्याकडे. साठीचे, काटकुळे, बोलण्यात मिस्कील. सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांनी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं: “बा म्हाराजा पावणाई, ह्ये साहेब तुज्या शिवेवर झाडा लावतायत. पट्टीत गावचीच झाडा लावीन, दुसरा लावनार नाय, असा शब्द देतायत. त्यास्नी यश दे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!” गाव म्हणाला.

“आनि शब्द मोडलानी तं...” तात्या थांबले. माझ्याकडे वाईच हसून बघितलं. “तं त्यांचा त्यांनाच निस्तरू दे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

मी पण म्हणालो.

त्या पावसाळ्यात सड्यावर अकेशिया लागली आणि पट्टीत किंजळ, ऐन, आंबा. शब्द दिला तसाच पाळला. पण किंजळीला आणि ऐनाला सावली हवी असते, लहानपणी पाणी हवं असतं. उन्हाळ्यात पाणी घालायची सोय आमच्या योजनेत बसत नव्हती. शिमग्यापर्यंत पट्टीतली बहुतेक रोपं वाळून गेली. आणि पुढल्या पावसाळ्यानंतर मोजणी होती. मोजणी म्हणजे वरचे साहेब येतात, रांगेतून चालतात, शंभरातली किती जगली ते बघतात. आमचं सगळं बरं-वाईट त्या एका गोष्टीवर. रोप कुठलं आहे हे कोणी विचारत नाही; उभं आहे की नाही एवढंच.

मेलेल्या रोपाच्या खड्ड्यात दुसरं लावणं हे धंद्यात चालतंच. वाटिकेत किंजळीची रोपं शिल्लक होती, वीतभर उंचीची. ती लावली असती तर पुन्हा मेली असती, किंवा नसतीही. अकेशिया मात्र पिशवीतच कमरेएवढी झालेली. पाऊस लागताच मी गडी लावले आणि दोन दिवसांत अख्खी पट्टी अकेशियाने भरून काढली. सांगायला कोणाला गेलो नाही.

साहेब आले, चालले, म्हणाले, “शाब्बास. ही पट्टी तर सगळ्यांत छान आहे.”

तात्यांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर तयार होतं. “तात्या, ही तात्पुरती. हिची सावली झाली की खाली तुमची किंजळ लावायची.” अशी पद्धत खरंच असते. फक्त त्यासाठी सावली झाल्यावर किंजळ लावायला परत जावं लागतं. मी गेलो नाही. दुसरी गावं होती, दुसऱ्या मोजण्या होत्या.

झाडं वाढली. तीन-चार वर्षांत फुलली, शेंगा लटकल्या, शेंगांतून नारिंगी दोरे लोंबायला लागले. एका चैत्रात कोणाच्या तरी विडीने सड्याला वणवा लागला. अकेशियाचा पाला कुजत नाही, नुसता साचतो. तो फार कडक जळाला. झाडं होरपळली, काही गेली. मला वाईट वाटलं ते गेलेल्या झाडांचं. पुढल्या पावसात सड्यावर गेलो आणि जागच्या जागी उभा राहिलो. जळलेल्या जमिनीवर धान्य पेरल्यासारखी अकेशियाची रोपं. मी टोपात पाणी उकळून जे करत होतो, ते वणव्याने अख्ख्या सड्यावर केलं होतं.

त्याच आषाढात तात्या रोपवाटिकेत आले. हातात काही नव्हतं. रहाटीतलं रोप उपटून आणणं त्यांना शक्यच नव्हतं, म्हणून एवढ्या पावसात दोन एस.टी. बदलून मला न्यायला आले होते.

रहाटीत झरीच्या वर, सातविणीखाली त्यांनी एक रोप दाखवलं. बोटभर उंचीचं.

“ह्या काय वो साहेब? माज्या जल्मात ह्या हितं बगितलेला नाय.”

धंद्यातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. अकेशियाचं रोप अगदी लहान असताना त्याची पानं कोयत्यासारखी नसतात. चिंचेसारखी, बारीक पिसांची असतात. ती चपटी, वाकडी पानं नंतर येतात. ज्याने मोठं झाडच बघितलंय त्याला ते पोर ओळखू येत नाही. मला यायला अडचण नव्हती. मी अशी रोपं किती वाढवली याचा हिशेब नाही. वर फांदीवर बुलबुल बसला होता. नारिंगी दोऱ्याच्या लालचीने तो बी गिळतो आणि रहाटीत येऊन टाकतो. त्याच्या पोटात काय उकळतं ते देव जाणे, पण बी उघडतं एवढं खरं.

मी वाकलो. दोन बोटांत धरून ओढलं असतं तर मुळासकट आलं असतं. ओल्या मातीत त्याला काहीच जोर नसतो. पण ओढायचं तर हे कुठलं आणि कुठून आलं ते सांगावं लागलं असतं, आणि तिथून नजर वर केली की पट्टी दिसत होती.

“शिरस असेल,” मी म्हणालो. शिरस आपल्याकडचाच, आणि त्याची पानंही अशीच पिसांची.

“शिरस? आमच्या रहाटीत शिरस नाय.”

“पाखरानं आणला असेल.”

एवढं मात्र खरं बोललो.

तात्यांचा चेहरा उजळला. “बगा, देवीनं नवा झाड आनलान!” त्यांनी झरीतले पाच दगड उचलले आणि रोपाभोवती नीट गोल मांडले, कोणाचा पाय पडू नये म्हणून. मी छत्री धरून उभा होतो.

कार्तिकात ते रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर भेटले. “साहेब, तुमच्या शिरसानं पाना बदललान.”

“असं?”

“व्हय. सड्यावरच्यासारकी झाली. कोयत्यावानी.” चेहऱ्यावर राग नव्हता. ते वाट बघत होते, हे मला आता कळतं. मी म्हणालो, “येतो बघायला,” आणि गाडी लागली म्हणून निघालो. माझी गाडी ती नव्हतीच.

त्या हिवाळ्यात मी बदली मागून घेतली. घरी सांगितलं, वरून हुकूम आला. हर्ण्याच्या बाजूला किनाऱ्यावर सुरूची झाडं लावायचं काम होतं. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव बघत उभा राहायचो, आणि कोणी तात्यांसारखा काटकुळा म्हातारा दिसला की गर्दीच्या मागे सरकायचो. असं थोडंथोडकं नाही, तीन वर्षं.

मग एक दिवस पत्र आलं की त्या गावचा सडा आदर्श लागवड म्हणून दाखवायचा ठरलाय, आणि ज्याने लावला त्याचा सत्कार करायचाय. नाही म्हणायला जमलं नाही. सड्यावर अकेशियाच्या सावलीत खुर्च्या मांडल्या होत्या. वरच्या साहेबांनी भाषण केलं. बायकांना आता सरपणाला लांब जावं लागत नाही, असं ते म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. मागे मोळ्या रचलेल्या दिसत होत्या. फक्त गवत कुठे दिसत नव्हतं. पायाखाली नुसता कोरडा, कडकडीत पाला. मला शाल घातली. नारळ द्यायला तात्यांना पुढे बोलावलं. त्यांनी नारळ माझ्या हातात ठेवला आणि हळूच म्हणाले, “शिरस बगून जावा.”

शाल अंगावर तशीच घेऊन मी त्यांच्यामागून खाली उतरलो.

सातविणीखालचं झाड मांडीएवढं झालं होतं. आजूबाजूला मनगटाएवढी दहा-बारा, आणि त्यांच्याखाली रोपांची गर्दी. झरीच्या काठावर जिथे पूर्वी नेचे आणि किंजळीची पिल्लं असायची तिथे तोच कोयत्यासारखा पाला, थरावर थर. पाणी वाहत होतं, पण पाल्याखालून.

“तात्या,” मी म्हणालो, “हा शिरस नव्हता. मला त्याच दिवशी माहीत होतं.”

“मला पन कार्तिकातच कळला.”

“मग उपटलात का नाही?”

“मी कोन उपटनारा? दगड मांडले, दिवा लावला, देवीचा झाला. तुमी त्या दिशी खरा बोल्लाव असताव, तर मी तितंच सांगितला असता: साहेब, ह्या तुमचा हाय, घेऊन जावा.” मग म्हणाले, “मी तुमची वाट बगितली वो. म्हटला, आज येतील, उद्या येतील.”

तात्यांनीच पुढचं सांगितलं. आता काढायचं तर कौल लावायचा. आणि ज्याने आणलं त्यानेच गावासमोर तोंडाने सांगायचं, त्याशिवाय ते कौल लावणार नाहीत.

पुढल्या सोमवारी गाव देवळात जमला. मी उभा राहिलो आणि सांगितलं: पट्टी भरली ती मी, शब्द मोडला तो मी, शिरस म्हणालो तोही मी, आणि जाणूनबुजून म्हणालो. तीन-चारच वाक्यं होती. “येवडी वर्सा?” सखारामभाऊ एवढंच म्हणाले. मग मान फिरवली आणि त्या दिवशी पुन्हा माझ्याशी बोलले नाहीत. मागून सुलाकाकींचा आवाज आला, “माज्या गायीला तवाच कळला व्हता.” कोणी हसलं नाही.

तात्यांनी देवीच्या पाषाणाला डाव्या-उजव्या बाजूला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विचारलं: बाहेरचं आलेलं बाहेर काढू का? बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी पडली.

मी पुढे सरकून म्हणालो, “तात्या, मोठी झाडं हाताने निघायची नाहीत. करवत चालेल का, एवढं विचारा.”

विचारलं. डावी पडली.

“एकदा पुन्हा...”

“देवीकडं घासाघीस नाय चालत, साहेब,” तात्या म्हणाले. “हातानं निगंल तेवडा तुमचा. ऱ्हाईल तो तिचा.”

खात्यालाही मी लेखी कळवलं, की ही जात आपोआप पसरते, रहाटीजवळ लावू नये. उत्तर आलं नाही. पुढल्या वर्षी हर्ण्याकडच्या वाटिकेतही अकेशियाचं बी आलं, नेहमीसारखं. मी पाणी उकळलं का? उकळलं. नोकरी होती. त्याच्या पुढल्या वर्षी नोकरी सोडली. पण ते एक वर्ष उकळलं, हे लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही.

आता दर श्रावणात मी त्या गावी जातो. माती ओली असते तेवढेच दिवस रोपं नीट निघतात. नंतर मूळ जांभ्याच्या भेगेत शिरलं की तुटतं आणि पुन्हा फुटतं. चपला बाहेर काढून, गुडघ्यांवर बसून, एकेक उपटतो. धोंडूतात्या झरीपाशी दगडावर बसून तंबाखू मळत असतात. अंगात ताकद राहिली नाही, पण येतात. गेल्या वर्षीपासून सखारामभाऊंच्या घरून मला जेवायला बोलावणं येतं. बोलत ते अजूनही फारसं नाहीत.

“औंदा कमी हायत काय वो?” तात्यांनी यंदा विचारलं.

“नाहीत, तात्या. वरची झाडं बी टाकतायत ना.”

“टाकनारच. झाड हाय ता.”

पहिलं झाड आता माझ्या कवेत मावत नाही. ते पाच दगड अजून आहेत. खोडाने त्यांना बाहेर ढकललंय, एक फुटलाय. बाकीची उपटून झाली की दरवर्षी मी त्याच्यापाशी येतो आणि त्या दिवशी रोपाला लावायला हवी होती ती दोन बोटं खोडाला लावून बघतो.

“ऱ्हाऊ द्या साहेब तो,” तात्या म्हणतात. “खालची बगा.”

आणि मी पुन्हा गुडघ्यांवर बसतो.